कुंपणाबाहेरचा अनंत

हापाई, तोंगा
९ मार्च १९८६

सेमिसी,

मी लाविनिया. तुझ्या आईची आई. बुटकी, डाव्या गालावर चामखीळ. एवढ्यावर ओळख पटत नसेल तर हे पत्र शेजारच्या मुलाला दे, आपल्या आजीचं समजून वाचेल बिचारा. नाताळात आलास, महिनाभर माझी रताळी खाल्लीस, आणि जाताना म्हणालास, पोचलो की लगेच लिहितो. विमान अजून उतरलंच नाही का रे?

लिहून घेणारी नेहमीचीच, मेलेनाइते. साऱ्या गावाची पत्रं हिच्याच हातची. मास्तरीण होती, त्यामुळे मी बोलते ते तिला चुकीचं वाटतं, पण लिहिते तसंच. आत्ता म्हणतेय, मस्करी पुरे, मुद्द्याचं सांग.

मुद्द्याचं सांगते. गेल्या आठवड्यात रॉकेल आणायला दुकानात गेले. रेडिओ चालू होता आणि त्यातून माझी थापी वाजत होती. ठक ठक, ठ-ठक. मला वाटलं, मागच्या अंगणात कोणीतरी झाडाच्या सालीचं कापड कुटतंय. मग माझा आवाज आला. मग माझा खोकला. आणि त्यावर तुझा आवाज, विहिरीत पडलेल्या बोकडासारखा. दुकानदार म्हणाला, हे गाणं ऑकलंडात पहिल्या नंबरवर आहे. नाताळात ते आवाज भरायचं यंत्र माझ्या कापड कुटायच्या ओंडक्याजवळ ठेवून म्हणाला होतास, आजी, काम करत राहा, माझ्याकडे बघू नकोस. मला वाटलं, म्हातारी मेल्यावर आठवण म्हणून हवं असेल पोराला.

रेडिओवरचा माणूस म्हणाला, ही अंगाई आहे, आजी ही म्हणून नातवाला झोपवायची. मी तिथल्याच पिठाच्या पोत्यावर बसले. तुला मी धपाटा घालून झोपवायची. मेलेनाइते विचारते, आजी हसली असं लिहू का. लिही. हसली.

पण पाउलाची गंमत ऐक. मेलेनाइतेचा थोरला भाऊ, ऐंशीचा झालाय. त्याच्या घरात रेडिओ आहे. तुझं गाणं लागलं की तो काठी घेतो आणि उठून घराबाहेर जातो. संपलं की परत येतो. दिवसातून तीनदा. या वयात एवढं चालणं कोणाच्या नशिबी असतं? तुझे उपकार आहेत म्हाताऱ्यावर.

का जातो ते विचारू नकोस.

मेलेनाइतेने हात थांबवलाय. लिही गं, शाई वाळेल.

खाली माझी फुली.

लाविनिया

*

ऑकलंड
२ एप्रिल १९८६

आजी,

विमान कधीच उतरलं, मीच अजून हवेत आहे.

पाच आठवडे पहिला नंबर, आजी. इथली पोरं टी-शर्टवर 'कुंपणाबाहेर' छापून फिरतात, तोंगी भाषेचं अक्षर कळत नसलेली गोरी पोरंसुद्धा. परवा टीव्हीवर गायलो. आणि तुझा खोकला ठेवलाय. रेकॉर्डिंगवाला काढून टाकत होता, मी म्हटलं, राहू दे. आता लोक त्या खोकल्याची वाट बघतात. तो आला की सगळा हॉल एकदम खोकतो.

अंगाईचं असं झालं. पत्रकाराने विचारलं, गाणं कशाबद्दल आहे. शब्द मला कळतात: 'अनंता रे अनंता, कुंपणाबाहेर उमललास, येणाऱ्याजाणाऱ्याने वास घेतला.' आजीचं गाणं, त्यात फूल, म्हणून अंगाई म्हणून टाकलं. चुकलं का?

आता कामाचं. कंपनीला सप्टेंबरअखेर माझं दुसरं गाणं हवंय. दिलं तर पूर्ण रेकॉर्ड काढणार, नाही तर मला निरोप. माझी स्वतःची चार गाणी ऐकवली. तिसऱ्यापासून साहेब घड्याळाकडे बघत होता. माझी चाल त्यांना नको आहे, तुझी हवी आहे. तुझ्याकडे असली अजून असणारच. ओंडक्यावर बस, थापी हातात घे आणि आठव. एक जरी आठवलं तरी मी वाचलो.

आणि हे केलं कोणी, कोणाबद्दल, तेही कळव. सध्या कव्हरवर 'आजी लाविनिया हिची अंगाई' असं छापलंय.

पाउला आजोबांना सांग, पुढचं गाणं हळू लयीतलं करतो.

तुझा,
सेमिसी

*

हापाई
२७ एप्रिल १९८६

सेमिसी,

तुझं पत्र मेलेनाइतेने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तर कोर्टाची नोटीस वाचावी तशा आवाजात.

बाळा, सहा वर्षांचा असताना तुला इथून नेलं, तेव्हा भाषा अर्धीच सामानात भरली होती वाटतं. तुला शब्द कळतात, शब्दांच्या पाठीमागचं कळत नाही. आपल्या गाण्यात फूल म्हणजे फूल नसतं. फूल म्हणजे मुलगी. कुंपण म्हणजे तिच्या बापाचं घर. आणि येणाऱ्याजाणाऱ्याने वास घेतला म्हणजे... मेलेनाइते, पुढचं राहू दे. चोवीस वर्षांचा घोडा आहे, कळेल त्याला.

कोणाबद्दल आहे विचारतोस, तर ऐक. चौतीस सालची गोष्ट. कोनफळं काढायचे दिवस होते. ओंडक्यावर आम्ही अकरा जणी कापड कुटत होतो. गावात एक मुलगी होती. आवाज गोड, अक्षर मोत्यासारखं, केस गुडघ्यापर्यंत. तिचं लग्न फेलेतीशी ठरलेलं. हो, तोच फेलेती, तुझा आजोबा. पंधरा दिवसांनी त्याच्या घरचे डुकरं आणि चटया घेऊन तिच्या दारी येणार होते.

आणि फेलेती मला हवा होता.

एका सकाळी थापीच्या ठेक्यावर मी ही ओळ म्हटली. एकदाच. पण ठेक्यावर बसलेली ओळ खाली ठेवता येत नाही. दहा जणींनी उचलली. दुपारी ती दुसऱ्या ओंडक्यावर पोचली. तिसऱ्या दिवशी त्या मुलीचा भाऊ रस्त्याने आला. खांद्यावर टोपली, टोपलीत वर्षाची पहिली कोनफळं, बहिणीला द्यायची. भाऊ पहिलं पीक बहिणीच्या दारात ठेवतो, हे तरी तुला आठवत असेल. आम्ही गाणं थांबवलं नाही.

बहिणीबद्दल असलं काही कानावर पडलं की भाऊ तिथे थांबत नाही. निघून जातो. आणि तो गेला की लोक म्हणतात, खरं आहे म्हणूनच गेला. खोटं असतं तर त्याने काय केलं असतं? तेव्हाही निघूनच गेला असता. गंमत आहे की नाही?

त्याने टोपली रस्त्यावरच ठेवली आणि पाठ फिरवली. ती कोनफळं आम्ही भाजून खाल्ली. संध्याकाळपर्यंत मुलीच्या आत्याने तिचे केस कानापर्यंत कापले. डुकरं आणि चटया माझ्या दारी आल्या. फेलेतीबरोबर बत्तीस वर्षं संसार झाला. चांगला होता. गायचा मात्र नाही कधी.

त्या मुलीचं काय झालं म्हणशील. मेली. लिही गं मेलेनाइते, मेली म्हणून लिही. मला वाचता येत नसलं तरी तुझी बोटं हलतात की नाही ते दिसतं.

दुसरं गाणं नाही, बाळा. जन्मात मी एकच गाणं केलं. तुझ्यासारखीच.

फुली.

लाविनिया

खालच्या ओळी तुझ्या आजीने सांगितलेल्या नाहीत. ती मुलगी मेलेली नाही. तिनेच हे पत्र लिहिलं आहे. गाणंही तुझ्या आजीचं नाही. चाल माझी आहे आणि शब्दही माझेच, फेलेतीसाठी केलेले. मी 'कुंपणाआत उमललास, दाराशी वास थांबला' असं केलं होतं. तुझ्या आजीने आतला अनंत बाहेर काढला, एवढंच तिचं.
मेलेनाइते

*

ऑकलंड
१८ मे १९८६

मेलेनाइते आजी,

पाकिटावर तुमचंच नाव घातलंय, म्हणजे हे मोठ्याने वाचावं लागणार नाही.

काय लिहावं कळत नाही. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर असं केलं नसतं. लाज वाटते.

एक विचारू का? तुम्ही लिहिता की चाल तुमची होती. म्हणजे तुम्ही गाणी करत होता. ते एकच केलंत की आणखी आहेत? मी चालीबद्दल विचारतोय, कारण इथे सगळे म्हणतात की या गाण्यात चालच वेगळी आहे, ती मधेच थांबते आणि माणूस पुढच्या ठोक्याची वाट बघत राहतो. तशी आणखी दोन जरी असली तरी चालेल. एक असलं तरी चालेल. कॅसेट पाठवतो, यंत्रही पाठवतो, गुणगुणून द्या, बाकीचं आम्ही बघू. या वेळी कव्हरवर तुमचंच नाव मोठ्या अक्षरांत टाकीन, फोटोही टाकू. कंपनीचा माणूस म्हणाला, म्हाताऱ्या बाई असतील तर फारच छान, लोकांना आवडतं. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचायला हवं, म्हणजे तुमच्या बाजूने ऑगस्टच्या बोटीत पडायला हवं. मला दुसरं काही येत नाही, आजी. शाळा सोडली ती गाण्यासाठी. हे गेलं तर माझ्याकडे एका म्हातारीचा खोकला उरतो.

तुमचा,
सेमिसी

*

हापाई
१५ जून १९८६

सेमिसी,

माफीच्या चार ओळी आणि मागणीच्या पंधरा. जुनी सवय, मी मोजते. तुझ्या आजीचाच नातू आहेस, यात शंका राहिली नाही.

हो, गाणी आहेत. एक वही भरली आहे. बावन्न. दरवर्षी कोनफळं काढायच्या दिवसांत एक होतं. त्या दिवसांत सगळ्या गावातल्या भावांच्या टोपल्या बहिणींच्या दाराशी जातात. माझ्या दारावरून जातात. तेव्हा मी आत बसून चाल लावते. काहीतरी करायला हवं ना हातांना.

पाउला वाईट माणूस नाही. ऐकलं आणि निघून गेला, जे करायचं तेच केलं. एकदा गेल्यावर परत कसं यायचं, याची रीत मात्र आपल्याकडे कोणी घालून दिलेली नाही. बावन्न वर्षं आम्ही एकाच चर्चमध्ये जातो. तो पुरुषांच्या बाजूला बसतो, मी बायकांच्या. माझी मान त्याच्याकडे वळत नाही आणि त्याची माझ्याकडे. आता तो थकला आहे. या वर्षी नाही तर कधीच नाही.

वही मी तुला देईन, सगळीच्या सगळी. माझं नाव घालू नकोस, फोटो नको. त्याबदल्यात एकच. लाविनियाने पाउलाच्या अंगणात उभं राहून त्याला ऐकू जाईल असं म्हणायचं: 'मी खोटं गायले.' तिने मला तीन दिवसांत बुडवलं. मी तीन शब्द मागते.

हे मी तिला सांगितलं आहे. ती हसली आणि तिने मला चहा ओतायला सांगितलं.

तू विचारशील, मग इतकी वर्षं तिची पत्रं का लिहीत आलीस. कारण ते शब्द कधी ना कधी तिच्या तोंडून निघतील आणि तेव्हा लिहून घ्यायला मी समोर असायला हवी, असं मला वाटत आलं आहे. तिच्या पत्रात मी आजवर एक अक्षर बदललेलं नाही. बदलता आलं असतं. तिला कळलंही नसतं.

मेलेनाइते

*

ऑकलंड
६ जुलै १९८६

आजी,

हे पत्र मेलेनाइते आजी तुला वाचून दाखवतील, म्हणजे त्यांच्यासमोरच तुला लिहितोय. असू दे.

तीन शब्द आहेत गं. मी गेल्या आठवड्यात माझं स्वतःचं गाणं बाजारात आणलं. कोणीही वाजवलं नाही. रेडिओवाले आता मला नावाने बोलावत नाहीत, 'खोकल्यावाला' म्हणतात. एका दुकानाच्या उद्घाटनाला नेलं आणि गाण्याआधीच म्हणाले, फक्त खोकून दाखव.

तू नेहमी म्हणतेस की माझ्यासाठी जीव देशील. जीव नको. पाउला आजोबांचं घर तुझ्या दारापासून नऊ घरं पलीकडे आहे. चालत जा, म्हण आणि परत ये. कोण काय म्हणणार तुला या वयात? फेलेती आजोबाही आता नाहीत.

ऑगस्टच्या बोटीआधी, आजी. पाया पडतो.

सेमिसी

*

हापाई
२४ ऑगस्ट १९८६

सेमिसी,

तुझं पत्र मिळालं. मेलेनाइतेने वाचलं, 'पाया पडतो'पाशी थांबली, मला नीट ऐकू गेलं का म्हणून विचारलं आणि पुन्हा वाचलं. ऐकू गेलं. कान शाबूत आहेत. गेलेत ते पाय. भोपळ्यासारखे सुजलेत. दवाखान्यातला नवा डॉक्टर म्हणतो, फासळ्यांचं मटण बंद, डब्यातलं मांस बंद, मीठ बंद. नाहीतर सेल संपलेल्या रेडिओसारखं हृदय एक दिवस मधेच थांबेल. मी विचारलं, मग खाऊ काय? म्हणाला, उकडलेलं केळं. त्यापेक्षा थांबलेलं बरं.

तू लिहिलंस, कोण काय म्हणणार या वयात. बाळा, या वयातच म्हणतात. रविवारी चर्चमधून निघाले की अजून लोक बाजूला होतात, फेलेतीची विधवा म्हणून वाट देतात. माझ्यापाशी दुसरं आहे काय? अक्षर नाही, आवाज नाही. एक नाव आहे, तेही त्याचं.

तरी तुझ्यासाठी केलं. गेल्या मंगळवारी गेले. पाउला अंगणात टोपली विणत बसला होता. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं. तीनही शब्द. त्याने मान हलवली. झालं. मेलेनाइते विचारते, त्याने टोपी कुठली घातली होती. लिही, जुनीच. विचारते, काही बोलला का. लिही, नाही बोलला, भरून आलं होतं त्याला.

तेव्हा आता वही पाठवायला सांग हिला.

फुली.

लाविनिया

वरचं सगळं तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. गेल्या मंगळवारी पाउला गावात नव्हता. डोळे दाखवायला सोमवारच्याच बोटीने राजधानीला गेला होता, शुक्रवारी परतला. वही माझ्याकडे आहे.
मेलेनाइते

*

ऑकलंड
१२ ऑक्टोबर १९८६

आजी,

तारीख उलटून गेली. कंपनीने दोन ओळींचं पत्र दिलं. खाली सहीसुद्धा नव्हती, शिक्का होता.

मी आता मटणाच्या कारखान्यात लागलोय. दिवसभर मेंढ्यांच्या फासळ्या कापून खोक्यात भरतो. इथे हे कोणी खात नाही. तिकडच्या बेटांसाठी जातं. सकाळी मी आत आलो की कापणीच्या टेबलावरची चाळीस माणसं एकदम खोकतात. रोज. मग सुऱ्यांनी टेबलावर ठेका धरतात. ठक ठक, ठ-ठक. तुला आवडलं असतं, तुझ्या ओंडक्यासारखंच आहे. ठेक्यावर बसलेली गोष्ट खाली ठेवता येत नाही म्हणाली होतीस ना.

खोटं बोलायला तुला पानभर शब्द सुचले. खरं बोलायला तीन हवे होते.

यापुढे मला लिहू नकोस.

सेमिसी

*

हापाई
३० नोव्हेंबर १९८६

सेमिसी,

लिहू नकोस म्हणालास. मला लिहिता येत नाही. म्हणजे तुझी आज्ञा मी मोडलेली नाही.

पाउला गेला. रेडिओवरून तुझं गाणं गेलं, पण त्याच्या नातवंडांनी कॅसेट आणली होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ती लावली. पाउलाने काठी घेतली, उठला, पायरी ओली होती. खुबा मोडला. नऊ दिवस पडून होता. पोरं कॅसेट बंद करायची विसरली होती, असं ऐकलं. तो पायरीखाली पडलेला आणि आत मी खोकत होते.

मयताला सगळं गाव होतं. मेलेनाइते त्याच्या उशाशी बसली. बहिणीची जागा ती, कोणाला नाही म्हणता येत नाही. बावन्न वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या घरात शिरली. केस मोकळे सोडले होते. पांढरे, पण पुन्हा गुडघ्यापर्यंत. मला माहीतच नव्हतं, ती रोज अंबाडा घालते ना.

पाउलाची सून तिला सांगत होती, मी दाराशी उभी राहून ऐकलं. म्हातारा दरवर्षी पहिल्या कोनफळांची टोपली वेगळी काढायचा. कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवायचा आणि हात लावू द्यायचा नाही कोणाला. तिथेच सडायची. घरच्यांना वाटायचं, जुनं खूळ आहे. त्या रस्त्याने मेलेनाइते कधी जायची नाही. गाव वळसा घालून जायची.

हे लिहिताना तिचा हात थांबलेला नाही, तुला सांगून ठेवते. मीच थांबले होते.

मग मी आत गेले. पाद्री होता, बायका होत्या, फेलेतीच्या घरचे होते. पायांशी उभी राहिले आणि म्हटलं. मोठ्याने. 'पाउला, मी खोटं गायले.' तुझी शपथ, या वेळी म्हटलं. मेलेनाइतेला विचार, तिथेच होती.

या वेळी तो उठून गेला नाही.

बायकांचं रडणं थांबलं. कोणीतरी खोकलं. मेलेनाइतेने माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या पिशवीतून वही काढली, सालीच्या कापडात गुंडाळली आणि त्याच्या हाताखाली ठेवली. मी म्हटलं, 'नाइते, पोरासाठी एक तरी फाडून ठेव गं.' ती म्हणाली, 'राहू दे, लाविनिया. कुंपणाआतच बरी ती.' मग पेटीचं झाकण लावलं. खिळे ठोकणाऱ्याचा हात तेवढा चांगला होता. ठेका चुकला नाही.

आता चर्चमधून निघाले की कोणी बाजूला होत नाही. धक्के खात येते. माझ्याकडे कोणी येतही नाही, एक मेलेनाइते सोडली तर. मयतानंतर तीच मला रांधून घालते. डॉक्टरने काय बंद केलंय ते तिला पाठ आहे. त्याचा कागद तिनेच वाचून दाखवला होता. रोज दुपारी वाडगा घेऊन येते. फासळ्या उकडलेल्या, वर बोटभर चरबी, मीठ हात सोडून घातलेलं. माझं संपेपर्यंत समोर बसते. मी संपवते. काल विचारलं, 'अजून वाढू?' म्हटलं, वाढ.

ती तोंडाने काही म्हणत नाही, मीही म्हणत नाही. लिही गं, हेही लिही. लिहिलंस? वाचून दाखव.

बरोबर आहे.

तर तू त्या कारखान्यात लागलास ते बरंच झालं. दर बोटीला फासळ्यांचं एक खोकं पाठवत जा. हाडं कमी, चरबी जास्त असलेलं बघून घे. आणि इथलं मीठ फार जाडं येतं, विरघळत नाही लवकर. ते बारीक पाठव.